घरगाडी वीस मिनिटं चालते

६ फेब्रुवारी, बुधवार

आज हे उठले. आठ महिन्यांनी स्वतःहून उठले, म्हणून ही वही काढली. शिवणाच्या मापांची जुनी वही आहे, मागची निम्मी पानं कोरी होती.

डोळे गेल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवायला उठायचा, अंघोळीला उठायचा, की पुन्हा भिंत. साखरेने डोळे खाल्ले, आता परत यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून मी समजावून समजावून थकले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आज सकाळी घरमालक आला. अंगणातलं ते धूड मार्चअखेर हलवा म्हणाला, मला तिथे खोल्या काढायच्या आहेत, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो. धूड म्हणजे आमची घरगाडी. पुढे इंजिन, मागे पलंग, शेगडी आणि दोघांपुरतं टेबल. माझ्याहून वयाने थोडी लहान. कुणी गिऱ्हाईक ह्यांच्या गॅरेजात टाकून गेलं होतं, ती ह्यांनी ठेवून घेतली. आपण दोघं फिरू म्हणाले होते. तीनदा फिरलो. गेली सहा वर्षं ती जागची हललेली नाही.

घरमालक गेला आणि हे पलंगावर उठून बसले. म्हणाले, "किल्ली कुठे ठेवलीस?"

९ फेब्रुवारी, शनिवार

कामाची वाटणी ठरली. डोकं ह्यांचं, हात माझे. मी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, हात बारीक कामाला सरावलेले आहेत, एवढं हेही मान्य करतात. आणि कान ह्यांचे, ते काही वेगळं सांगायला नको. गॅरेज चालू होतं तेव्हा गाडी फाटकातून आत यायच्या आधी हे तिचं दुखणं सांगायचे. लोक म्हणायचे, इथे गाडी उघडायचीसुद्धा गरज नाही, नुसती दारावरून न्या.

दोन दिवस टाकी धुतली. सहा वर्षांचं शिळं पेट्रोल, रंगाच्या डब्यासारखा वास, आणि तळाला गंजाचा चिखल. हे स्टुलावर बसून हुकूम सोडतात. "झाकणात बारीक भोक असेल, ते सुईने मोकळं कर." केलं. "फुंकून बघ." बघितलं. साठाव्या वर्षी मी शिकाऊ कामगार झाले, आणि उस्ताद असा की शाबासकी म्हणून नाही.

पण संध्याकाळी जेवताना हे आपणहून बोलत होते. उद्या काय करायचं, परवा काय करायचं. मी भांडी घासता घासता रडले, पाणी चालू होतं ते बरं झालं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

चालू झाली. आधी खोकली, मग धूर सोडला, मग नीट चालायला लागली. शेजारणी गॅलरीत आल्या.

"आवाज कसा वाटतोय?" ह्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अहो, मला काय विचारता, तुम्ही सांगा. तर म्हणाले, "मला कळतोय. तुझी परीक्षा घेतोय." मग मी सांगितलं, एकसारखा आहे, पण मध्येच एखादा ठोका चुकतो. हे इंजिनावर तळहात टेकून बराच वेळ बसले आणि मान हलवली. बहुतेक पास झाले मी.

आता बेत असा. २५ मार्चला वाहनं तपासायच्या कचेरीची तारीख मिळाली आहे. कचेरी इथून पाऊण तासावर. गाडी स्वतःच्या चाकांवर तिथे जाऊन पास झाली, की कागद मिळेल आणि तसंच लेकीकडे निघायचं. दोन दिवसांचा रस्ता. तिने नवं घर घेऊन वर्ष झालं, ह्यांनी अजून पायरी चढलेली नाही. बसने यायला तयार नाहीत. लोकांनी हाताला धरून चढवायचं, उतरवायचं, ते मला जमणार नाही म्हणतात. स्वतःच्या गाडीतून येईन, नाहीतर येणारच नाही.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच आनंदाने. ह्यांच्या हातात फोन दिला, तर "बरंय, बरंय" करून दोन मिनिटांत परत माझ्याकडे. पोटच्या पोरीशी बोलायला काय सोनं लागतं कोण जाणे.

खरं लिहायचं तर मला गाडीचं काही नाही. ती गंजली काय, भंगारात गेली काय. मला फक्त हे भिंतीकडे तोंड करून पडायला नको आहेत.

१७ फेब्रुवारी, रविवार

पेट्रोलचा वास आत पलंगापर्यंत येतो. ह्यांचं डोकं दुखतं, सांगत नाहीत, पण कपाळ चोळत बसतात. बघितलं तर टाकीच्या झाकणाखालची चकती कुजून गेलेली. गरम पाण्याची फाटकी पिशवी होती, तिच्या रबराची नवी चकती कापली आणि झाकणात आतून बसवली. अशी फिट बसली की नख जाणार नाही. वास पार बंद. ह्यांना मुद्दाम सांगितलं नाही. वास का येत नाही ते आपणहून विचारतील, मग सांगेन. आपल्यालाही कधीतरी शाबासकी हवी.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली फेरी. मी चालवायला, हे शेजारी. घरामागच्या रस्त्याने तीन वळसे घातले. मस्त चालली. चौथ्या वळशाला दोन गचके दिले आणि बंद. घड्याळ बघितलं, वीस मिनिटं.

"पेट्रोल बघ," हे म्हणाले. झाकण उघडलं तर फुस्स करून टाकीने उसासा टाकला. काठी घालून बघितलं, पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, किल्ली फिरवली, पहिल्या फटक्याला चालू. घरी येईपर्यंत काही कुरकुर नाही.

हे म्हणाले, गंजाचा कचरा अडकत असेल, फिल्टर बदलू. वासाबद्दल काही विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

फिल्टर बदलला. ये रे माझ्या मागल्या. वीस मिनिटं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

पेट्रोलचा पंप काढला. आत रबरी पडदा असतो, तो चिरला असेल असं ह्यांचं म्हणणं. मी नखाएवढ्या जागेत हात घालून चार बोल्ट काढले, बोटं सोलली. पडद्याला चीर नव्हती, तरी नवा बसवला.

एकोणीस मिनिटं. मी हसले, हे नाही हसले.

५ मार्च, मंगळवार

आज टाकीची तपासणी झाली. हे म्हणाले, टाकीत हवा कोंडते का ते एकदा खात्रीने बघू. गाडी बंद पडेपर्यंत चालवली. मग हे स्वतः उतरले, माझ्या खांद्याला धरून मागे आले, टाकीपाशी वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "आता उघड. हळू उघड."

मी उघडलं. रोजच्यासारखं फुस्स झालं. हे तसेच मान तिरकी करून उभे होते, श्वास रोखून. मी म्हटलं, झालं उघडून. म्हणाले, "ठीक आहे. टाकी निर्दोष आहे. टाकीचं नाव सोड आता."

बरं वाटलं, एक संशयित कमी झाला. आणि ज्या माणसाने फाटकातून गाड्यांची दुखणी ओळखली, त्याला मी काय सांगणार?

चालू पुन्हा एका फटक्यात झाली. बंद पडते ती आजाऱ्यासारखी आणि उठते ती ताजीतवानी. नाटकी आहे नुसती.

११ मार्च, सोमवार

आता संशय उष्णतेवर. पेट्रोलची नळी धुराड्याजवळून जाते, ती तापून आतलं पेट्रोल उकळत असेल आणि वाफ अडकत असेल. मी जाड कापडाचे चार पदर घालून नळीला अंगरखा शिवला. गणवेशाच्या कॉलरला घालायची तीच शिवण. हे हात फिरवून म्हणाले, "झकास शिवलंयस." छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या शिवणाला हा पहिला शब्द.

वीस मिनिटं.

१४ मार्च, गुरुवार

कार्बोरेटर काढून जेवणाच्या टेबलावर उघडला. घड्याळापेक्षा बारीक भाग. एकेक भाग ह्यांच्या तळहातावर ठेवायचा, हे बोटांनी चाचपून नाव सांगतात, मी पेट्रोलमध्ये धुऊन रांगेत मांडते. असे तीन तास गेले. खोटं कशाला बोलू, ते तीन तास फार बरे होते. लग्नानंतर आम्ही कधी असं समोरासमोर बसून काही केलं नव्हतं.

मी किटली ठेवून खाली दुकानात सुतळी आणायला गेले. शिट्टीची किटली आहे, उकळली की घर डोक्यावर घेते. परत येते तो शिट्टी जिन्यातूनच ऐकू येतेय. आणि हे शेगडीपासून दोन हातांवर स्वस्थ बसलेले, बोटं त्या पितळी तुकड्यांत. किटली करपली. मी खूप बोलले. डोळे गेले म्हणून काय हातसुद्धा हलवायचा नाही? हे एवढंच म्हणाले, "कामात होतो."

सगळं जोडलं. वीस मिनिटं.

१५ मार्च, शुक्रवार

आज हे नऊपर्यंत पडून होते. तोंड भिंतीकडे. मग उठले.

२० मार्च, बुधवार

आता पेट्रोलचा नाद सोडून ठिणगीकडे वळलो. कॉईल बदलली. हे म्हणाले, कॉईल तापली की ठिणगी मरते आणि थंड झाली की परत येते, लक्षणं सगळी जुळतात. टाकीत पेट्रोल निम्म्याहून कमी होतं, पण फेरीपुरतं पुरेल म्हणून तशीच काढली.

एकोणतीस मिनिटं. मी स्टिअरिंगवर हात आपटत ओरडले, अहो, एकोणतीस. मग बंद पडली. पण नऊ मिनिटं वाढली हे खरं. हे म्हणाले, "म्हणजे बरोबर वाटेवर आहोत. तपासणीच्या दिवशी टाकी गच्च भर, पेट्रोल कमी पडायला नको." मी आज खूप दिवसांनी आरशात नीट बघितलं. उद्या केसांना रंग लावणार आहे.

२५ मार्च, सोमवार

लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

टाकी गच्च भरली. मागच्या पलंगावर नवी चादर, खिडक्यांना मी शिवलेले पडदे, लेकीसाठी घेतलेल्या दोन उशा. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाढी स्वतः केली. चौदा मिनिटांत गाडी बंद पडली, पुलाच्या चढावर.

मागे रांग लागली. लोक बोलायला लागले, ते काय काय बोलले ते लिहीत नाही. मी टाकीकडे धावले, झाकण उघडलं, पुन्हा लावलं, चालू झाली, पण चढावर ती पुढे जाण्याऐवजी मागे सरकायला लागली आणि मी हँडब्रेक ओढून, गाडी बंद करून खाली उतरले. हे खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे होते. एक सायकलवाला घंटी बडवत अगदी अंगावर येत होता आणि हे हटेनात. ढिम्म. वाटलं, हट्टाने उभे आहेत, नाहीतर जीव द्यायचाय. दंडाला धरून ओढलं तेव्हा एवढे दचकले की मलाच ढकललं त्यांनी.

शेवटी गाडी ढकलून कडेला लावली, तपासणीची वेळ टळून गेल्यावर घरी आणली. कचेरीत फोन केला. पुढची तारीख मे महिन्यात. घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, बाई, मी मार्चअखेर म्हटलं होतं.

परत येताना ह्यांनी विचारलं, "बंद पडायच्या आधी आवाज बदलला होता का? काही तरी बारीकसं?" मी म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही, तुम्हाला आलं का? ह्यांनी मान खिडकीकडे वळवली.

२८ मार्च, गुरुवार

तीन दिवस हे जेवणापुरते उठतात. मी एकटीने गाडीखाली जाऊन नळ्या घट्ट केल्या, काय घट्ट करतेय ते न कळता. उस्तादच पडून राहिला तर शिकाऊ काय करणार. भंगारवाला परवा येतो म्हणालाय.

३० मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

भंगारवाला दहाला आला. हळू बोलणारा, पोक्त माणूस. ओढायची गाडी फाटकाबाहेर लावली. मी मघाशीच दोन वळसे घालून आले होते, शेवटचं म्हणून, आणि गाडी फाटकातच बंद पडली होती. तो म्हणाला, आधी टाकीतलं पेट्रोल काढून घेतो. झाकण फिरवलं, फुस्स झालं, आणि तो थांबला.

"बाई, हे असं रोज होतं?"

"रोज," मी म्हटलं. "पहिल्या फेरीपासून."

त्याने झाकण उलटं केलं, माझी चकती नखाने उचकटली आणि उजेडात धरली. मग मला शांतपणे समजावलं. पेट्रोल खाली गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी, ती झाकणातल्या भोकातून येते. चकतीने भोक आतून बुजवलं. मग टाकी पेट्रोल आपल्याकडे ओढून धरते आणि इंजिन उपाशी मरतं. झाकण उघडलं की हवा शिरते, तो आवाज त्याचाच, आणि गाडी पुन्हा चालू. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडणार, रिकामी असली की उशिरा. त्याने चकतीला मधोमध कात्रीने भोक पाडलं आणि परत बसवली. म्हणाला, "एक चक्कर मारून येतो."

तासाभराने परत आला. तास झाला तरी गाडी चालूच होती.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. सहा आठवडे, बोटं सोलली, पूल, ते लोक, आणि मूळ काय तर माझ्या हातची चकती. लाज वाटली, पण त्याहून आनंद मोठा होता. गाडी जगली होती. घरमालकाच्या पाया पडून मेपर्यंत थांबवलं असतं. धावत आत गेले, ह्यांना उठवून अंगणात आणलं, दोन्ही हात धरून समोर उभी राहिले आणि ओरडूनच सांगितलं, "अहो, माझ्या रबराने घात केला. झाकण उघडलं की आवाज यायचा ना, ते दुखणं होतं."

"कसला आवाज?"

"तोच हो, फुस्स. रोज यायचा. त्या दिवशी तुम्ही टाकीला कान लावून उभे होतात, तेव्हाही आला की."

ह्यांचे हात माझ्या हातांत थंड पडले. भंगारवाला बाजूला झाकण पुसत होता. "गाडी अजून चालूच आहे," तो म्हणाला.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"एक दिवस चुकला नाही."

मग माझे हात सोडले आणि म्हणाले, "हो. ऐकला होता मी."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, ऐकला होता म्हणजे? तुम्हाला माहीत होतं? आणि मला बोलला नाहीत?

"नाही बोललो." आणि भंगारवाल्याचा आवाज जिकडून आला होता त्याच्या भलत्याच बाजूला तोंड करून म्हणाले, "घेऊन जा गाडी. आमच्या उपयोगाची नाही."

मी किल्ली दिली. रागाने दिली. कागद दिले, पडदे ओढून काढले तेवढे ठेवून घेतले. त्याला ती ओढून न्यावी लागली नाही, स्वतः चालत गेली. कोपऱ्यावर वळली तेव्हा ठोका अगदी सरळ पडत होता. हे तोवर आत गेले होते.

३१ मार्च, रविवार

झोप नाही. एकच गोष्ट घोळते आहे. पाच मार्चलाच ह्यांना सगळं कळलं होतं. आवाज ऐकला, दुखणं ओळखलं आणि मला तोंडावर सांगितलं, टाकी निर्दोष. त्यानंतर मला कार्बोरेटर उघडायला लावला, कॉईल बदलायला लावली, नळीला अंगरखा शिवून घेतला. वर झकास म्हणाले. त्या पुलावर मला उभी केली. आणि काल आधी साळसूदपणे विचारतात काय, कसला आवाज.

कशासाठी? लेकीकडे जायचं नव्हतं, दुसरं काय. आंधळा बाप म्हणून तिच्या दारात उभं राहायचं नव्हतं. मग तसं सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं त्यांना?

लेकीला फोन करून सांगितलं, येत नाही. तिने बाबांना फोन द्यायला सांगितलं. ह्यांनी नको म्हणून हात हलवला. पुन्हा भिंत.

मी ठरवलंय. आता मीही बोलणार नाही. आधी त्यांनी तोंड उघडावं, का केलं ते सांगावं.

५ एप्रिल, शुक्रवार

सहा दिवस झाले. मी एक अक्षर बोललेली नाही. ताट पुढे ठेवते, हात धरून पाण्याच्या तांब्यावर नेते, कपडे काढून देते, सगळं तोंड मिटून. मला वाटलं होतं, दोन दिवसांत विरघळतील. "का गं, गप्प का?" एवढं विचारलं असतं तरी मी सगळं गिळून टाकलं असतं. नाही विचारलं. बायको घरात आहे की मेली, ह्यांना पर्वा नाही. माणूस एवढा निगरगट्ट असू शकतो हे मला ह्या वयात कळलं.

आज सकाळी चहा नेला. कप हातात दिला, बोटं कपाच्या कानाला नीट लावून दिली आणि तशीच उभी राहिले. म्हटलं, किती वेळ गप्प बसतात ते बघू तरी. हे कप धरून बसले होते. मी तिथेच आहे हे त्यांना कळत होतं, माझा पदर त्यांच्या गुडघ्याला लागला होता. थोड्या वेळाने चेहरा वर केला, माझा चेहरा असेल त्याहून बराच डावीकडे, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हो. ऐकलं मी. बरोबर आहे तुझं."

मी काही बोललेच नव्हते. आता हा माणूस टोमणेही मारायला लागला. मी तशीच बाहेर निघून आले.